प्रवाळांची हजेरी कोण घेणार?

जगातल्या 84 टक्के प्रवाळक्षेत्राला उष्णतेचा फटका बसला, ही बातमी आपण वाचली. जानेवारी 2023 पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनाचा, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेचा, हा आकडा. 1998 मध्ये, पहिल्या फेरीत, तो 21 टक्के होता. नोव्हेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने दुसरा आकडा दिला: उष्ण समुद्रात खडक बांधणाऱ्या 892 प्रवाळ जाती तपासल्या, त्यांतल्या 44 टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले जातात, पण ते येतात अगदी वेगळ्या वाटांनी. पहिला उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून काढता येतो. दुसऱ्यासाठी कुणाला तरी पाण्यात उतरून समोरच्या प्रवाळाचे नाव सांगावे लागते. हे नाव सांगणारी माणसे जगात मोजकीच आहेत, आणि मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

त्यांच्यात चार्ली व्हेरॉन यांचे नाव आधी घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या या शास्त्रज्ञाने सागरी जीवशास्त्राची पदवी कधी घेतलीच नाही, त्यांची पीएच.डी. चतुर कीटकांवरची. पण पाण्यात बुड्या मारण्याचा छंद होता, आणि त्या जोरावर 1972 मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर पूर्णवेळ संशोधन करणारे ते पहिले शास्त्रज्ञ ठरले. तोवर प्रवाळांची नावे ठरत ती संग्रहालयांत, बोटींतून आलेल्या वाळक्या सांगाड्यांवरून. आकार वेगळा दिसला की जात वेगळी, असा शिरस्ता होता. व्हेरॉन यांनी पाण्याखाली पाहिले ते निराळेच. लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड फांद्यांची असलेली जात खोल, शांत पाण्यात पसरट आणि नाजूक होत होती. कड्यावर वाऱ्याच्या तोंडी वाढलेला आंबा आणि आडोशाच्या परसातला आंबा एकाच वाणाचे असूनही ओळखू येऊ नयेत, तसाच हा प्रकार. कधी तर एकाच वसाहतीच्या दोन टोकांना पुस्तकात दोन नावे सापडत. उथळापासून खोलापर्यंत सलग पाहिल्याशिवाय हा गोंधळ सुटणार नव्हता. त्या पाहण्यातूनच 2000 साली ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’चे तीन खंड उभे राहिले, सुमारे आठशे जातींचे.

अशी मोहीम चालते कशी? आधी खोलवर उतरायचे आणि मग हळूहळू वर येत दिसेल ती जात पाटीवर पेन्सिलीने लिहायची. अख्ख्या वसाहतीचा एक फोटो, अगदी जवळून दुसरा. जिथे शंका असेल तिथे छिन्नीने बोटभर तुकडा काढायचा आणि त्याला क्रमांक बांधायचा. किनाऱ्यावर आल्यावर तो तुकडा ब्लीचच्या पाण्यात ठेवला की मांसल भाग विरघळतो आणि चुन्याचा पांढरा सांगाडा उरतो. खरी ओळख त्या सांगाड्यावर असते. प्रत्येक जीव ज्या इवल्या वाटीत राहतो, तिच्या भिंती आणि आतले पडदे भिंगाखाली वाचायचे. शेजारच्या दोन वाट्यांची भिंत सामाईक असेल तर तो प्रवाळ फेविटिस गटातला. प्रत्येकीची स्वतंत्र असेल तर डिप्सास्ट्रिया. पोराइटिसच्या वाट्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या. तिथे नजर आणि चिकाटी दोन्ही पणाला लागतात.

इतका खटाटोप कशासाठी? कारण ‘प्रवाळांचे आच्छादन वाढले’ ही बातमी फसवी असू शकते. पाणी तापले की फांद्यांचे ॲक्रोपोरा बहुधा आधी मरतात, गोलघुमट पोराइटिस बऱ्याचदा तग धरतात. पुढची काही वर्षे शांत गेली तर झपाट्याने वाढणारे थोडेच ॲक्रोपोरा सगळी जागा व्यापतात आणि टक्केवारी पुन्हा वर जाते. मधल्या काळात किती जाती गेल्या, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. ते जातवार यादीच सांगते. इंडोनेशियातल्या राजा अम्पात बेटांभोवती या शतकाच्या सुरुवातीला व्हेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहिमा केल्या. तिथल्या नोंदी साडेपाचशे जातींच्या पुढे गेल्या. सगळ्या कॅरिबियन समुद्रात मिळून साठ-सत्तर जाती आहेत. कोणता समुद्र आधी राखायचा, हे ठरवायला अशी यादी हाती लागते.

आता जनुकांनी या यादीलाही हादरे दिले आहेत. टेबलासारखा पसरणारा ॲक्रोपोरा हायसिंथस अमेरिकी शास्त्रज्ञ डेना यांनी 1846 मध्ये नोंदवला, फिजीच्या नमुन्यावरून. पुढे हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या असंख्य ‘टेबलां’ना तेच नाव चिकटले. डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. मग शास्त्रज्ञ पुन्हा मोहिमांवर निघाले आणि जुने नमुने जिथून आले होते त्या ठिकाणांहून ताजे तुकडे आणू लागले. प्रयोगशाळा कितीही पुढे गेली तरी पाण्यातली फेरी चुकत नाही, उलट तिची गरज वाढते. ज्या जातीला नावच नाही, ती धोक्याच्या यादीत येणार कशी?

आपल्याकडे कायदा कडक आहे. खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. म्हणूनच 2020 मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 वसाहती परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या. मुंबईत प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना तेव्हाच कळले. प्रवाळ फक्त मुंबईतच नाहीत. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासूनचे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक पाण्याखाली आहे, आणि तिच्या माथ्यावरही प्रवाळ आहेत.

संरक्षण कागदावर आहे, पण ते कुणाला द्यायचे हे ओळखणारी नजर घडवावी लागते. ती काही वर्षांत, जाणकाराबरोबर पाण्यात उतरूनच येते. माझे म्हणणे स्पष्ट आहे: महाराष्ट्राला आपल्या प्रवाळांची जातवार, फोटो आणि नमुन्यांसह सूची हवी; ती दर काही वर्षांनी पाण्यात उतरून तपासली जावी; आणि कोकणातल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना या मोहिमांत पगारी जागा मिळाव्यात. किनाऱ्यावरच्या कोणत्याही बांधकामाला परवानगी देण्याआधी ही सूची टेबलावर असली पाहिजे. वाचकांनाही एक विनंती. मालवणला स्नॉर्केलिंगला जाल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा तोडू नका. स्वच्छ फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. उद्याच्या सूचीत अशी नोंदही उपयोगी पडेल.