चढावरची सायकल

जुन्या कात्रज घाटात रविवारी सकाळी एक गंमत दिसते. तरुण मंडळी घंटी वाजवीत झपाट्याने पुढे निघून जातात आणि दोन वळणांनंतर त्यांतलीच निम्मी कठड्याशी धापा टाकीत उभी असतात. माझ्यासारखा चाळिशी ओलांडलेला मास्तर त्यांच्यापुढून सावकाश निघून जातो. यात पराक्रम काही नाही, हिशेब आहे.

माणूस आणि सायकल मिळून 80 किलो वजन 100 मीटर उंच न्यायचे, तर सुमारे 78,000 ज्यूल काम करावेच लागते. त्यात घासाघीस चालत नाही. मात्र तेच काम निम्म्या वेळात उरकायचे म्हटले, की दर क्षणाला दुप्पट जोर लागतो. तरुणांची फसगत होते ती इथेच.

गिअरचे मर्मही हेच. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 22 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. दोन्हीकडे 28 असतील, तर एकदाच. अंतर निम्मे, जोरही निम्मा. गिअर कर्ज माफ करीत नाही, हप्ते बांधून देतो! मात्र तो चढ लागण्यापूर्वीच बदलावा. ताणलेली साखळी कुरकुरते, प्रसंगी निसटते.

बैठक अशी असावी, की पायडल तळाशी गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील. हँडल आवळून धरू नये; मुठीतल्या जोराने चाक फिरत नाही. उभे राहून पायडल मारल्यास अंगाचे वजन कामी येते खरे, पण दम लवकर जातो, आणि खडीवर मागचे चाक घसरते. तेव्हा तो उपाय आखूड, उभ्या चढापुरता ठेवावा. वेग बरोबर आहे की नाही हे पाहायला यंत्र नको. एक पुरे वाक्य न अडखळता बोलता आले, की समजावे ठीक चालले आहे.

आणि बोलता येईनासे झाले तर? सरळ उतरावे. "लोक काय म्हणतील" या धास्तीने कितीतरी प्रौढांच्या सायकली गॅलरीत गंजत पडल्या आहेत. 1910 साली फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट प्रथमच आला, तेव्हा ऑक्ताव्ह लापीझ काही अंतर सायकल हाती धरून चक्क चालत गेला. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली! त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती 1937 साली.

छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घाट कुठे पळून जात नाही. पुढच्या रविवारी तो तिथेच असतो; आपणही असावे, एवढेच.