मोडी कागद कानाने वाचताना

मोडी कागद वाचायला बसले की आधी अक्षरांचीच धास्ती वाटते. खरा कस लागतो तो शब्द सुटे करताना. लिहिणाऱ्याने ओळभर शिरोरेषा आधी ओढून घेतलेली असते आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता मजकूर सलग उतरवलेला असतो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘विनंतीउपरीयेथीलकुशलजाणोन’ अशी ओळ समोर आली की डोळा अडतो. मग मी मोठ्याने वाचू लागते. ‘विनंती उपरी, येथील कुशल जाणोन...’ कानाला लय सापडली की शब्द सुटे होतात.

ही केवळ नवशिक्यांची युक्ती नव्हे. पेशवाईतली कितीतरी पत्रे धनी सांगत आणि कारकून लिहीत. पोचल्यावरही ती अनेकदा वाचून दाखवली जात. त्यांत वरचेवर येणारे ‘ऐसियास’ डोळ्यांना पाल्हाळ वाटते, पण ऐकणाऱ्याला ते मुद्दा बदलल्याची खूण देते.

मग हाताचे काम. जुन्नरी किंवा दौलताबादी कागद खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटलेला असे, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. तो घोटीवपणा आजही बोटांना कळतो. कागद उजेडासमोर धरला की साच्यातल्या काड्यांच्या बारीक समांतर रेघा दिसतात. विलायती कागद असेल तर जलचिन्ह दिसते, कधी त्यात सालही असते. पत्रावर तारीख नसली, तरी ते त्या सालाआधीचे नाही एवढे पक्के होते. कागद बांधून ठेवलेला रुमाल सोडताच कुबट वास आला तर दमटपणाची आणि बुरशीची शंका घ्यायची आणि तो रुमाल वेगळा काढायचा.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांचे स्कॅनिंग व्हायलाच हवे. मूळ कागदाची हाताळणी त्याने कमी होते. पण चित्रात पोत येत नाही, वास येत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीसोबत कागदाच्या जातीची, स्पर्शाची, वासाची दोन ओळींची नोंद ठेवावी आणि निवडक पत्रांचे वाचन ध्वनिमुद्रित करावे. मोडीच्या वर्गातही पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचायला लावावे. अक्षरे सरावाने येतात. पण त्या काळची मराठी कानात बसली नसेल, तर शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो आणि त्यावर उभा केलेला इतिहासही चुकतो.