माळ्यावरची खोकी

गणपतीचे मखर, दिवाळीचा आकाशकंदील, नाताळचे झाड आणि गोठ्यातल्या मूर्ती हे सगळे ज्या घरात एकाच माळ्यावर चढवायचे असते, त्या घराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहायचा झाला तर लग्नाच्या नोंदवहीपेक्षा माळ्यावरची खोकी जास्त बोलतील. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोघांनी आपापला धर्म सांभाळून नोंदणीने लग्न करण्याची वाट करून दिली. वसई, गोवा, मुंबई अशा ठिकाणी हिंदू आणि ख्रिस्ती वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या. तिथे अशी घरे उभी राहिली. दोन पंचांगे एका भिंतीवर यायची सोयही पुढे झाली. १९७३ पासून निघू लागलेल्या ‘कालनिर्णय’ने चतुर्थी-एकादशीच्या शेजारी नाताळ, ईद आणि पतेती छापायची रीत घरोघरी नेली. कायदा झाला, दिनदर्शिका झाली. सामान कुठे ठेवायचे ते मात्र कोणी सांगितले नाही. अशा घरांविषयी बोलताना मुलांची नावे कोणती ठेवली आणि ताटात काय असते एवढ्यावरच आपली चौकशी थांबते. मला सजावटीचे सामान जास्त महत्त्वाचे वाटते. ते कशाचे बनते, कसे मोडते आणि मोडून किती जागेत मावते, यावर दोन सण एकमेकांना जागा करून देतात की एकमेकांच्या अंगावर कोसळतात हे ठरते. हे गणित पूर्वी, गरजेपोटी का होईना, जमत होते. मधल्या तीसेक वर्षांत ते बिघडले आणि आता सरकारी बंदीच्या धाकाने पुन्हा जुळू लागले आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वी म्हणजे किती जागेत? मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात माणसे, चूल, मोरी, पत्र्याच्या ट्रंका आणि फळ्या टाकून केलेला माळा. तिथे सणाचे सामान वर्षभर जपून ठेवणे ही चैनच. म्हणून ते दरवर्षी नव्याने केले जाई. पाचकोनी चांदणीच घ्या. सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींवरून तिरक्या नेऊन त्यांची टोके दोऱ्याने बांधली की एक चांदणी होते. अशा दोन करायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोके आवळायची आणि आतल्या बाजूला कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवायच्या. सपाट चांदणी फुगते आणि दिव्याला पोकळी मिळते. दहा कामट्या, पाच काड्या, दोऱ्याचे एक रीळ. वर पतंगी कागद, चिकटवायला मैद्याची खळ आणि खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. खाली झिरमिळ्या सोडल्या की हा दिवाळीचा कंदील. झिरमिळ्यांऐवजी एका अंगाला लांब शेपूट लावले की बेथलेहेमचा तारा. सण सरल्यावर चांदणी पाण्यात बुडवून ठेवली की खळ सुटते, कागद निघून येतो आणि सांगाडा कोरा होतो. बाजारातला पांढरा डिंक इतक्या सहजासहजी सुटत नाही, हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. कागद निघाला नाही की कामट्याही केरात जातात. (या सामानाच्या शब्दांतही अशीच सरमिसळ आहे. ‘आकाश’ संस्कृत, ‘कंदील’ अरबीतून आलेला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या मेणबत्तीत. ‘नाताळ’ पोर्तुगिजांकडून घेतलेला आणि सजावटीला लागणारी ‘फीत’ही त्यांचीच.)

कंदिलाचे जे, तेच अंगणातल्या किल्ल्याचे. दिवाळीचा किल्ला म्हणजे विटा, दगड, त्यांवर चिखलात बुडवून पसरलेले गोणपाट, उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी आणि माथ्यावर शिवाजी महाराज. नाताळचा गोठा म्हणजे पुन्हा विटा, दगड आणि गोणपाट. गोठ्यापुढची हिरवळ म्हणून ताटलीत पेरलेली नाचणी किंवा गहू आठ-दहा दिवस आधी भिजत घालावे लागतात, नाहीतर चोवीस तारखेला नुसते पांढरे कोंब दिसतात. घटस्थापनेला परडीतल्या मातीत धान्य पेरणाऱ्या हाताला हे काम नव्याने शिकवावे लागत नाही. अर्थ वेगळे आहेत, याबद्दल वाद नाही. किल्ल्यावर राजा सगळ्यांत उंच बसतो, तर गोठ्यातला राजा सगळ्यांत खाली, गव्हाणीतल्या पेंढ्यावर निजतो. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला, तो हे खालीपण डोळ्यांना दिसावे म्हणूनच. तरीही विटा कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि गोणपाट धुऊन वाळवले तर ऑक्टोबरचा किल्ला डिसेंबरात गोठा होतो. या रीतीचे सर्वांत नीटस रूप कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर टांगलेले दिसते. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. वर लाकडी चौकट, ती पिढ्यान्‌पिढ्या तीच; तिला बांधलेली नारळ-सुपारीची शिपटी, काकड्या, रानफळे, रानफुले मात्र त्या वर्षीच्या रानातली. सांगाडा टिकाऊ आणि पांघरूण नाशिवंत, अशी ही विभागणी आहे. जपायची वस्तू एक, तीही सपाट. बाकीचे खाऊन, वाटून किंवा कुजून संपते.

थर्माकोलने ही विभागणी उलटी केली. थर्माकोलच्या मखराला सांगाडा नाही. खांब, कमान, कळस सगळे एकाच भुसभुशीत पदार्थाचे. ते घडी होत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि एक कोपरा तुटला की सगळे गबाळे दिसते. त्याच्या आकारमानातला सुमारे ९८ टक्के भाग नुसती हवा असते, म्हणजे असे मखर माळ्यावर ठेवणारा माणूस वर्षभर हवा साठवतो. फेकावे तर ते कुजत नाही. याच सुमारास बाजाराने प्रत्येक सणाला त्याचा तयार संच दिला. नाताळला लाल-हिरवा, दिवाळीला केशरी-पिवळा, गणपतीला सोनेरी. पूर्वी सुरूची फांदी डब्यातल्या वाळूत खोचली की झाड होई आणि जानेवारीत ती बंबात जाई. तिच्या जागी प्लॅस्टिकचे झाड आले, त्याचे लांबट खोके आले आणि ते खोके वर्षातले अकरा महिने पलंगाच्या पोटात झोपू लागले. घरे मोठी होत होती, पण पेटीच्या पलंगाची आणि मोरीवरच्या सिमेंटच्या माळ्याची जागा या खोक्यांनीच खाल्ली. एकाच धर्माचे सण करणाऱ्या घराला हे परवडले असेल. दोन पंचांगांच्या घराला प्रत्येक सणाचा स्वतंत्र संच म्हणजे दुप्पट खोकी. मग वाद सुरू होतो तो श्रद्धेचा नसतो, यंदा कोणाचे खोके माळ्यावरून खाली येणार आणि कोणाचे गावी पाठवून देणार, याचा असतो. खोक्यांवर सणांची नावे लिहिली की ती घरातल्या माणसांचीही होतात, हे कोणाच्या फारसे लक्षात येत नाही.

२३ मार्च २०१८ ची महाराष्ट्राची प्लॅस्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना, त्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवाच्या थर्माकोल सजावटीला सूट द्यायला दिलेला नकार आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेली बंदी, ज्यात सजावटीच्या थर्माकोलचा नावानिशी उल्लेख आहे, या तीन पायऱ्यांनी मखरांचा बाजार बदलला. पुठ्ठ्याची खाचेत खाच बसणारी मखरे आली. बांबूच्या कमानी आणि कापडी पडदे परत आले. एलईडीने यात मोठाच हातभार लावला. जुन्या कंदिलात ६० वॅटचा पिवळा दिवा असे. त्याच्या धगीने कागद तपकिरी पडू नये म्हणून कंदील मोठा करावा लागे. पाच-सात वॅटच्या थंड दिव्याभोवती हातभर लांबीचा, मिटून सपाट होणारा कंदीलही चालतो. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या माळेत सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस दिवे एकामागे एक जोडलेले असत. एक गेला की सगळी माळ अंधारात जाई, पण तो एक शोधून बदलला की माळ उजळे. आजची स्वस्त एलईडी माळ सहसा कोणी उघडून दुरुस्त करत बसत नाही, ती थेट कचऱ्यात जाते. थर्माकोल गेले तरी फेकण्याची सवय घरात राहिलीच.

यावर पहिला आक्षेप येतो तो खिचडीचा. एकाच कामट्यांवर दिवाळी आणि नाताळ दोन्ही बसवले तर दोन्हींचे वेगळेपण पुसले जाणार, उरणार ती नुसती रोषणाई. आक्षेप पोकळ नाही. दिवाळीची माळ ‘आता नाताळ येतोच आहे’ म्हणून खिडकीवर तशीच ठेवली की आगमनकाळ नावाची गोष्ट नाहीशी होते. नाताळाआधीचे चार रविवार चर्चमध्ये जांभळ्या रंगाचे, वाट पाहण्याचे आणि आवरून राहण्याचे असतात. एरवी दिवाळी आणि आगमनकाळ यांच्यात उसंत मिळते. २०२० साली मात्र कार्तिकी पौर्णिमा २९-३० नोव्हेंबरला आली आणि आगमनकाळाचा पहिला रविवारही २९ नोव्हेंबरलाच होता. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील लावणाऱ्या घराला त्या वर्षी मधली मोकळी जागाच मिळाली नाही. पण मला वाटते, वेगळेपण टिकवायचे काम सांगाड्याकडून होतच नाही. ते कागद कधी चढवला आणि कधी उतरवला यातून होते. उतरवून, धुऊन, चार दिवस खुंटीवर कोरी टांगलेली चांदणी वाट पाहणे जितके दाखवते तितके दोन महिने अखंड लुकलुकणारी स्वतंत्र खरेदीची माळ दाखवू शकत नाही. शिवाय सामाईक करायचे ते सजावटीचे सामान. पूजेचे नव्हे. गव्हाणीतला बाळ येशू स्वतःच्या मऊ फडक्यात, स्वतःच्या डब्यात राहावा आणि चोवीसच्या रात्रीच बाहेर निघावा. गौरीचे मुखवटे, ताम्हन, समई यांची पेटी निराळी असावी. बाकी खोक्यांवर सणाऐवजी वस्तूचे नाव असावे: ‘सांगाडे’, ‘दिवे’, ‘कापड’, ‘दोरे-खिळे-आकडे’. घर आवरण्याचे शास्त्र जपानहून पुस्तकरूपाने आणि २०१९ पासून पडद्यावरून आपल्याकडे पोहोचले, त्यातही सामानाची वाटणी खोलीप्रमाणे करू नका, प्रकाराप्रमाणे करा, असेच सांगितले आहे. मात्र जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद देत नाही ती काढून टाका, हा त्यातला सल्ला इथे लागू पडणार नाही. दुसऱ्याच्या सणाची वस्तू आपल्याला आनंद देते का, हा प्रश्न अशा घरात विचारू नये.

दुसरा आक्षेप कष्टांचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. खळ शिजवणे, गोणपाट धुणे, परडीत धान्य पेरून रोज पाणी घालणे ही कामे बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला आली. दोन धर्मांच्या घरात तिला दोन सासुरवाड्यांइतके सण पडले. तयार मखराने तिची एक रात्र वाचवली असेल तर त्या थर्माकोलला सरसकट शिव्या देणे हा अप्रामाणिकपणा होईल. जुन्या रीतीतली मेहनत जशीच्या तशी परत आणावी असे माझे म्हणणे नाही. सांगाडा विकतचा चालेल, लोखंडी सळईचा चालेल. प्रश्न फक्त त्याची घडी होते का आणि त्याचे पांघरूण बदलता येते का, एवढाच आहे. या कसोटीवर प्लॅस्टिकचे झाडही पास होऊ शकते. एकच झाड वीस वर्षे वापरले, फांद्या दांड्याला मिटवून बांधल्या आणि दरवर्षी नवे घेतले नाही, तर ते दरसाल फेकल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या मखरापेक्षा वाईट नाही. कामट्यांचेही लाड करायचे कारण नाही. नीट वाळल्या नाहीत तर त्यांना कीड लागते, खाली पिवळी भुकटी गळते आणि पुढच्या वर्षी गाठ आवळताना टोक हातात येते.

या सगळ्या हिशेबात एक पंचांग मात्र कोणत्याच माळ्याला जुमानत नाही. गणपती, दिवाळी, नाताळ हे सण थोडेफार मागेपुढे होत त्याच क्रमाने येतात. अधिकमास आला तरी क्रम मोडत नाही. म्हणून खोकी एकामागे एक लावता येतात आणि आधी लागणारे पुढे ठेवता येते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी रमझान ईद दिवाळीच्या आठवड्यातच आली होती, तेव्हा खिडकीतली एकच माळ दोन्ही सणांना पुरली असती. २०१८ आणि २०१९ साली मोहरमची आशुरा गणपतीच्या दहा दिवसांत आली. ज्या घरात आशुरा शोकाचा दिवस म्हणून पाळतात, तिथे त्या दिवशी मखरावरचे झगमगते दिवे विझवायचे की निदान रंगीत तरी काढायचे, याचे उत्तर कोणत्याही खोक्यावर लिहिलेले नव्हते. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले आणि रस्ते दोघांनाही पुरले. घरातल्या खिडकीला असा दुसरा दिवस प्रत्येक वेळी मिळत नाही. २००० साली रमझान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हे चक्र साधारण ३३ वर्षांत पुरे होते, म्हणजे २०३३ च्या डिसेंबरात ईदचा चाँद आणि नाताळचा तारा दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा शेजारी टांगावे लागतील. कामटी वाकवून चंद्रकोर करायची तर ती ओली असतानाच वाकवावी लागते.