सुटींतील सेवा व परदेशचे बालकाश्रम

सुटींत परदेशीं जाऊन एखाद्या ख्रिस्ती बालकाश्रमांत पंधरा दिवस सेवा करावी, अशी इच्छा अनेक विद्यार्थ्यांस होते. अनाथांचा समाचार घ्यावा ही शास्त्राज्ञा आम्हांसही शिरसावंद्य आहे. परंतु अशा सेवेचा परिणाम काय होतो, हेंही पाहणें अवश्य आहे.

कंबोडियाचें उदाहरण घेऊं. तेथें २००५ ते २०१० या काळांत बालकाश्रमांची संख्या सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढली. आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें दिसलें कीं, आश्रमांतील बहुसंख्य मुलांच्या आईबापांपैकीं एक तरी हयात होतें. दारिद्र्यामुळें व शिक्षणाच्या आशेनें आईबाप मुलांस तेथें धाडीत. पाहुण्यांच्या देणग्यांवर आश्रम वाढत. शिवाय, लहान मुलांस पाहुण्यांचा लळा लागतो आणि पंधरवड्यानें त्यांच्या वाट्यास पुनः वियोग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंही २०१९ सालीं मुलांचें संगोपन शक्यतों कुटुंबांतच व्हावें, असा ठराव केला.

तेव्हां परदेशगमनाचा खर्च वांचवून त्यांतून एखाद्या बालकाची फी भरावी व तें आपल्या आईजवळच राहील असें करावें, हीच आमच्या मतें खरी सेवा होय.