वाचेवाचून वेदना : नवजात अर्भके आणि भुलेवाचूनची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याची पद्धत १८४६ साली बोस्टन येथे झालेल्या ईथरच्या जाहीर प्रयोगानंतर जगभर रूढ झाली. तथापि रुग्णांच्या एका वर्गास तिचा पूर्ण लाभ मिळण्यास पुढे सुमारे १४० वर्षे लागली. हा वर्ग नवजात अर्भकांचा होय. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील अनेक रुग्णालयांतूनही अर्भकांवर मोठ्या शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलेखाली, प्रसंगी भुलेवाचूनही, होत असत.

हे केवळ निर्दयपणामुळे घडले असे म्हणता येत नाही. त्यामागे दोन कारणे होती. पहिले व्यावहारिक होते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वसन मंदावते, आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास ते जीवघेणे ठरेल अशी भीती होती. दुसरे तात्त्विक होते. अर्भकाच्या मज्जातंतूंवरील मेदावरण पूर्ण झालेले नसते, सबब त्यास वेदना जाणवत नाही, अशी समजूत होती. वस्तुतः प्रौढाच्या शरीरातही वेदनेचे संदेश बऱ्याच अंशी निरावरण तंतूंमधूनच वाहतात. आवरणाच्या अभावी संदेशाची गती मंदावते, संदेश थांबत नाही. पहिल्या कारणाने निर्माण झालेली टोचणी दुसऱ्या कारणाने शमविली, एवढेच.

अर्भकाने हालचाल करू नये म्हणून क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे द्रव्य देण्यात येई. या द्रव्याचे खरे स्वरूप पूर्वीच उघड झाले होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलतज्ज्ञाने पूर्ण शुद्धीत असताना ते स्वतःवर वापरून घेतले. त्याचे सर्व स्नायू लुळे पडले, श्वासोच्छ्वासही कृत्रिम रीतीने चालवावा लागला. परंतु जाणीव आणि वेदना यत्किंचितही उणावली नव्हती, असे त्याने नंतर सांगितले. त्याला सांगता आले. अर्भकापाशी रडण्यावाचून दुसरी साक्ष नव्हती, आणि क्युरारेने नेमकी तीच हिरावून घेतली.

१९८७ साली भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले के. जे. एस. आनंद व त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी यांनी वेगळ्या प्रकारची साक्ष पुढे आणली. हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचे त्यांनी दोन गट केले. नायट्रस ऑक्साइड व क्युरारे दोन्ही गटांस दिले. फेंटानिल हे वेदनाशामक मात्र एकाच गटास दिले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक-बदल पुष्कळच तीव्र आढळले, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांच्यातच अधिक झाले. जी भूल घातक मानली गेली होती, तिचा अभावच अपायकारक ठरला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, केवळ वयाच्या आधारे अर्भकास भूल नाकारू नये, अशी भूमिका घेतली.

प्रश्न अद्याप संपलेला नाही. टाचेतून रक्त काढण्यासारखे लहान उपचार आजही भुलेवाचूनच होतात. अशा वेळी स्तनपान आणि मातेच्या उघड्या त्वचेचा स्पर्श यांनी वेदनेची लक्षणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आणि त्यास औषधाचा खर्चही नाही.

या इतिहासातील मूळ दोष वैद्यकापेक्षा तर्काचा आहे. अनुभवाचे निवेदन नाही, यावरून अनुभवच नाही, असे अनुमान काढण्यात आले. वेदनेच्या अभ्यासास वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या आपल्या व्याख्येस जोडलेल्या टीपांत हे अनुमान स्पष्टपणे अमान्य केले आहे. वाचा गमावलेले वृद्ध आणि बेशुद्ध रुग्ण यांच्याविषयी विचार करतानाही तीच सावधगिरी बाळगणे अवश्य आहे.