ग्वांगझोऊची उधारी

चीनमधील ग्वांगझोऊ शहरात १९५७ पासून वर्षातून दोनदा कँटन मेळा भरतो. भांड्यांचे व्यापारी असलेल्या दोघा स्नेह्यांसमवेत मी तेथे गेलो आणि खर्चाची वही साहजिकच निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हाती आली. टॅक्सी वर्ज्य ठरली. मेट्रोचे किमान भाडे दोन युआन, पर्ल नदीवरील साध्या प्रवासी बोटीचेही तेवढेच. रोषणाईच्या महागड्या नौकेपेक्षा मला तीच रम्य वाटली.

तिसऱ्या दिवशी बरोबरचे खाकरे संपले. एका स्नेह्यांचा चौविहार, आणि सूर्य मावळतीला आलेला. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारातही कांदा-लसूण वर्ज्य असते, हे ऐकून होतो. म्हणून बौद्ध मंदिराजवळचे शाकाहारी भोजनालय गाठले. राहता राहिले कंदमूळ. बटाट्याचे चित्र दाखवून नकारार्थी हात हलवला, मालकीणबाई हसल्या. भात, पालेभाजी आणि टोफू वेळेत पानात पडले.

पैसे देताना मी शंभराची नोट काढली. तेथे सारे गिऱ्हाईक मोबाइलने पैसे देणारे; बाईंच्या गल्ल्यात सुटे नव्हतेच. जन्मभर नोटा मोजलेला मी ओशाळून उभा राहिलो. बाईंनी खुणेनेच ‘उद्या द्या’ असे सांगितले. नावगाव न विचारता परक्यांना उधारी! दुसऱ्या दिवशी सुटे मिळवून आम्ही आधी त्यांचे देणे चुकते केले, मगच जेवायला बसलो.