गाठीची कड

मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ सापडते. सापडत नाही ती तिची कड. नाशिकच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे आणि हे सतत डोळ्यांसमोर असतं. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरचं पांढरं कडं पडद्यावर उजळतं. पण गॅडोलिनियम झिरपतं ते फक्त जिथे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं संरक्षक अस्तर खराब झालं आहे तिथेच. अस्तर शाबूत असलेल्या भागात शिरलेल्या कॅन्सरच्या पेशी उजळत नाहीत. ऑपरेशननंतर गाठ परत येते ती बहुतेक वेळा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आत, आणि त्याचं कारण याच न दिसलेल्या पेशी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे कॅन्सरचं औषध दिलं, तेव्हा निम्म्या रुग्णांचं आयुष्य १४.६ महिन्यांपलीकडे गेलं. नुसत्या रेडिएशनने तो आकडा १२.१ होता. एवढीच वाढ मिळाली, आणि अजून तोच उपचार मुख्य आहे.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा स्कॅन होतो. रुग्णाची बायको किंवा मुलगा काचेपाशी येऊन विचारतो, “ताई, सगळी निघाली ना?” रिपोर्ट डॉक्टर देतील, एवढंच मला म्हणता येतं. या प्रश्नामुळेच प्रकाशाने चेतणाऱ्या नॅनोकणांवरचं संशोधन मी मन लावून वाचत आले. गाठ दाखवणं आणि ती मारणं ही दोन्ही कामं एकाच कणाकडे सोपवावीत, असा तो विचार आहे.

त्यातला प्रकाशाचा भाग शंभर वर्षांहून जुना आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडिन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. द्रावण तेच, प्रमाण तेच. तरी पॅरामेशियम कधी लवकर मरायचे, कधी बराच वेळ तगायचे. फरक होता तो खोलीतल्या उजेडाचा. वादळाने अंधारून आलं तेव्हा ते जास्त जगले. हे काम १९०० साली प्रसिद्ध झालं. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं. असा चेतलेला ऑक्सिजन समोर येईल त्या प्रथिनाला, पेशीच्या पटलाला जाळतो आणि क्षणार्धात शांत होतो. एका पेशीच्या रुंदीइतकंही अंतर तो धड कापत नाही. म्हणजे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन जिथे एकत्र येतील तेवढ्याच जागी इजा होणार. मेंदूसारख्या अवयवात याहून मोलाची गोष्ट कोणती?

अडचण औषधाची आहे. फ्रेडरिख मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या शिरेत हेमॅटोपॉर्फिरिन हे असंच प्रकाशाने चेतणारं द्रव्य टोचून घेतलं. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा इतका सुजला की ओळखू येईना, आणि उन्हाचा त्रास पुढे कित्येक आठवडे टिकला. १९१३ साली त्याने हा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच कुळातलं आजचं औषध फोटोफ्रिन. ते घेतल्यावर रुग्णाला किमान ३० दिवस ऊन टाळावं लागतं. शेतात राबणाऱ्या माणसाला महिनाभर उन्हापासून दूर ठेवणं किती कठीण आहे, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मिशिगन विद्यापीठातले राऊल कोपेलमन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. जिवंत पेशीच्या आत ऑक्सिजन, कॅल्शियम मोजता यावं म्हणून त्यांनी अतिसूक्ष्म कण बनवले होते. पुढे ब्रायन रॉस आणि अलनवाझ रेहेमतुल्ला यांच्यासोबत त्यांनी तेच कण उपचारासाठी वळवले. २००६ साली त्यांचा उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कण पॉलिॲक्रिलअमाइडचा, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारपटींहून लहान. त्याच्या आत फोटोफ्रिन आणि लोहाचं ऑक्साइड. वर एफ-३ नावाचा छोटा प्रथिनतुकडा, जो गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना जाऊन चिकटतो. लोहामुळे ती जागा एमआरआयमध्ये वेगळी उठून दिसते. गॅडोलिनियम उजळवतं, लोह काळवंडवतं. माझ्या पेशातल्या माणसाला हे लगेच समजतं. मग बारीक ऑप्टिकल फायबरने गाठीवर लाल प्रकाश सोडला. मला सर्वात आवडलं ते हे, की औषधाला कणाबाहेर पडावंच लागत नाही. ऑक्सिजन कणाच्या छिद्रांतून आत जातो आणि चेतून बाहेर येतो, त्यामुळे औषध इतरत्र सांडण्याची भीती कमी होते. एफ-३ लावलेले कण मिळालेले उंदीर, नुसतं फोटोफ्रिन किंवा एफ-३ नसलेले कण मिळालेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले.

पण तो उंदराचा मेंदू होता, अगदी छोटा. माणसाच्या मेंदूत लाल प्रकाश फार तर सेंटिमीटरभर शिरतो. त्यापलीकडे त्याचा जोर संपतो. शिवाय अस्तर शाबूत असलेल्या भागात, म्हणजे नेमक्या त्या कडेला, कण पोचवणं अजून सुटलेलं कोडं आहे. हे कण आज कुठल्याही रुग्णालयात रोजच्या उपचारात मिळत नाहीत.

प्रकाशाचं तत्त्व मात्र ऑपरेशन थिएटरात पोचलं आहे. ऑपरेशनच्या काही तास आधी रुग्णाला ५-एएलए हे औषध पाण्यातून पाजतात. गाठीच्या पेशी त्याचं पॉर्फिरिन बनवतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात त्या गुलाबी-लाल चमकतात. वॉल्टर श्टुमर यांच्या २००६ च्या जर्मन चाचणीत अशा प्रकाशात उजळणारी गाठ पूर्ण काढता आली ती ६५ टक्के रुग्णांत. साध्या प्रकाशात ३६ टक्के. जपानने त्यापुढे जाऊन, गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीवर टॅलापोर्फिन हे प्रकाशाने चेतणारं औषध आणि लेझर वापरायला २०१३ मध्ये मान्यता दिली. भारतात ५-एएलए महाग पडतं, म्हणून अनेक ठिकाणी स्वस्त फ्लुओरेसिन वापरतात. ते पिवळं चमकतं, पण गॅडोलिनियमसारखंच फुटक्या अस्तरातून झिरपतं. माझ्या मते ५-एएलए सरकारी योजनांच्या आवाक्यात यायलाच हवं, कारण पहिल्या ऑपरेशनची संधी पुन्हा मिळत नाही.

तोवर घरात कुणाला अशी गाठ निघाली, तर ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा: चमकणारं औषध वापरणार का, नसेल तर ते कुठे मिळेल? आणि कुणी ‘नॅनो उपचार’ म्हणून मोठी रक्कम मागितली, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियातला नोंदणी क्रमांक मागा. भारतात माणसांवरच्या चाचण्यांची नोंद तिथे होते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक मिळाला नाही, तर पैसे देऊ नका.